तीन पायांचं हरीण

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा या खेपेला मनातल्या मनात). तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही मजेत. मी तर इतका मजेत आहे की ही म्हणते, जरा आरशासमोरून बाजूला व्हा, मला भांग पाडायचाय.

मामा, तुमच्या भाच्याने हरीण पकडलं! हल्लीच्या टपाल तिकिटावर धावणारं हरीण असतं ना, ते विम्याच्या एका पाकिटावर मला चक्क तीन पायांचं सापडलं. चौथ्या पायाच्या जागी कोरा कागद. आमच्या तिकीट मंडळात मी ते मोठ्या दिमाखात मांडलं, तर आमचे हेडमास्तर (निवृत्त झाले, पण वर्गाबाहेर अजून पडलेले नाहीत) चष्म्यावरून बघत म्हणाले, "घासलंय." झालं, सगळे फिदीफिदी हसले. हसणारच. मागे मी एका राणीच्या गालावरचा तीळ छपाईतला दोष म्हणून महिनाभर मिरवला होता आणि पाण्यात टाकल्यावर तो विरघळला. (चहा होता.) तेव्हापासून मंडळात मला तीळभाऊ म्हणतात. रविवारी प्रदर्शन आहे. हरीण खरं ठरलं तर पहिल्या चौकटीत माझ्या नावानिशी लागणार, नाहीतर जन्मभर मी तीळभाऊच.

पण मामा, मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. तिकीट घासलं गेलं की कागदाचे तंतू उभे राहतात, जुन्या टॉवेलासारखे. भिंगाखाली लगेच दिसतं. कुणी खरवडलं असेल तर उजेडासमोर धरल्यावर तेवढा कागद पातळ दिसतो. माझ्या हरणाच्या पायाशी मात्र कागद असा गुळगुळीत की बोट फिरवत बसावं! तिथे शाई कधी पोचलीच नव्हती. आणि खोट साच्यातच असेल, तर पुढच्या तावावरही त्याच जागी लंगडं हरीण यायला हवं. जोडीदार सापडला की हेडमास्तर गप्प.

म्हणून पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंकडे एकच ताव उरला होता. तो मी भिंग लावून वरपासून बघत गेलो. रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी माझ्या पूर्वजांची फार आस्थेने चौकशी केली. बाई म्हणाल्या, "अहो, तिकीट घ्यायचंय की सून पसंत करायचीये?" मी ढिम्म हललो नाही. अगदी खालच्या ओळीत, कोपऱ्यात, तीन पाय! मी असा ओरडलो की आतून साहेब धावत आले. मामा, अंगावर मूठभर मांस चढलं हो!

आता माझी खरी अक्कल बघा. कोरं तिकीट नेलं तर हेडमास्तर म्हणणार, घरी बसून खोडलंस. म्हणून ते या पत्राच्याच पाकिटावर चिकटवतोय आणि बाईंना गळ घालून शिक्का नेमका त्या पायावर मारून घेणार आहे. खरवडलेल्या कागदावर शिक्क्याची शाई फुटते, गुळगुळीत कागदावर रेघ स्वच्छ उमटते. वर सरकारी तारीख! आणि एवढा ऐवज पाठवायचा तर तुमच्याइतकं भरवशाचं माणूस कोण? मामींना नमस्कार.

तुमचा,
(लवकरच पहिल्या चौकटीतला) भाचा

ता. क. : तुमच्या तब्येतीची चौकशी मनापासून केली आहे, पण पत्र पाकिटासाठी आहे. रविवारच्या आत ते घेऊन स्वतः या. पत्र विसरलात तरी चालेल.

आणखी एक : तुम्ही पाकीट नेहमी तिकिटाच्या कोपऱ्यात बोट घालून टराटरा फाडता, हे मी लहानपणापासून बघतोय. या वेळी कृपा करून तसं करू नका, कात्रीने दुसऱ्या बाजूने कापा. पाकिटावर बाहेर काही खरडलं तर त्याची शोभा जाते, म्हणून ही सूचना विचार करून आत लिहिली आहे. पाकीट फोडण्याआधी ती नीट वाचून घ्या.