हातात दुर्री, खिडकीपाशी खाट

१ फेब्रुवारी १९८३, मंगळवार
नागुबाईची पानं तेलकट हाईत. वर श्री लिवायचा ऱ्हायला, मागनं लिवीन, आधी ह्ये. बोटाला चिकटणाऱ्या पानांनी तीन पानी कुणालाच खेळाय येत न्हाय. म्हणून आज मी चाळीस चिंचोके हारले. डोकं कमी पडलं म्हणून न्हवं.

श्री.

दुपारची भांडी झाली की नागुबाईच्या सोप्यात आम्ही चौघी बसतो. ती, मालुबाई, रुक्माबाई आणि मी. अख्ख्या अनगोळात माझ्याएवढा डाव कुणाला कळत न्हाय. आमचे मालक जत्रेत खेळायचे, त्यांच्या पाठीमागं उभं ऱ्हाऊन शिकले. ते कायम हारायचे, पण ते वेगळं.

माझी युक्ती कुणाला सांगणार न्हाय, हितंच लिवते. हातात काय नसलं की गोड बोलायचं. समोरची बावचळती. एरवी मी कुणाशी गोड बोलत न्हाय, त्यामुळं तर ती बावचळायलाच पायजे.

४ फेब्रुवारी, शुक्रवार
हातात दुर्री, पंजी, सत्ती. तिन्ही वेगळ्या रंगाची, म्हंजे हातात कायच न्हाय. मालुबाईला म्हटलं, मालू, लुगडं किती शोभतंय गं तुला. तिनं लगेच चिंचोके दुप्पट केले आणि शो मागितला, पानं उघडी कर म्हणली. योगायोग. रुक्माबाई तोंडाला पदर लावून हलत हुती. तिला खोकला हाय.

घरची तक्रार. सून शालू म्हणली, आत्ती, तुमची खाट मागच्या खोलीत घालूया, खिडकीपाशी शिवणाची मशीन ठेवते, उजेड लागतोय. मागच्या खोलीत लाकडं आणि कोंडा. खिडकीपाशी मी चौदा वर्सं झोपते. गल्लीत कोण कुठं चाललंय, कोण कुणाशी बोलत न्हाय, सगळं मला तिथनं दिसतं. मेले तरी हलणार न्हाय.

ल्योक गुंडू उद्यमबागेत फौंड्रीत हाय. तिथं लोखंड वितळवतोय. घरात तोंड उघडत न्हाय. खाली मान घालून जेवत ऱ्हायला.

६ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. आता घरात ब्लाइंड खेळायचं. पानं उचलायची न्हाईत, नुसती चाल करत ऱ्हायची.

लोंढ्याला दिलेल्या लेकीनं, सोनूनं, बोलावलंय म्हणून सांगायचं. सोनूनं बोलावलेलं न्हाय. दोन वर्सांत तिचं कार्ड न्हाय. पण ते माझ्या हातातलं पान, शालूला कसं दिसणार? जाते म्हटलं की गुंडू पाय धरंल, शालू रडंल, मशीन मागच्या खोलीत जाईल.

संध्याकाळी बोलले. शालू, तू लई गुणाची बाय. तुला कशाला माझा तरास? सोनूनं बोलावलंय, जाते. शालूनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणली, बरं आत्ती, ह्यांना सांगते.

घाबरलीया. आवाज बारीक झालता.

९ फेब्रुवारी, बुधवार
चाल वाढवली. पत्र्याची ट्रंक काढून सगळ्यांच्या पायात येईल अशी ठेवली. शालूनं तिच्यात माझी वाकळ घडी करून घातली. म्हणली, लोंढ्याला थंडी लई. मीबी हटले न्हाय. म्हटलं, किती गं काळजी करतीस, लेकच तू माझी.

गुंडूनं सोमवारची रजा काढली, मला रेल्वेत बसवायला. जवळ येऊन हळूच म्हणला, आई, खरंच जायचंय न्हवं? न्हाय म्हणणार हुते. पण आत्ता पानं टाकली तर सगळं गेलं. म्हटलं, व्हय रं राजा.

१३ फेब्रुवारी, रविवार
नागुबाईकडं शेवटचा डाव. हारले. लक्ष ट्रंकेकडं हुतं.

उठताना नागुबाईनं हात धरला. म्हणली, आक्का, तू गोड बोलाय लागलीस की तुझा हात रिकामा, हे गल्लीतल्या कुत्र्यालाबी ठावं हाय. घरी जा आणि शालूला चार शिव्या घाल, मग कोण हलवत न्हाय तुला.

जळती बया. उद्या स्टेशनावर शालू रडंल, तिथं माझा डाव.

१४ फेब्रुवारी, सोमवार, रेल्वेत
खानापूर मागं पडलं. अक्षर हलतंय ते गाडीमुळं. शालू रडली न्हाय. चपात्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली, पाया पडली. गुंडू रडला, पण गाडी सुटल्यावर. त्याचा काय उपेग.

१७ फेब्रुवारी, गुरुवार, लोंढा
दार उघडून सोनूचा पहिला शब्द, आई, कोण मेलं?

जावई मष्णू रेल्वेत, क्वार्टरला एकच खोली. माझं अंथरूण चुलीपाशी. खिडकी हाय, तिच्यातनं मालगाडी दिसती. मालगाडीत वळखीचं कोण नसतं. मष्णूनं आज दुसऱ्यांदा विचारलं, मामी, किती दिवस मुक्काम?

शालूला कार्ड टाकलं. चांगल्या भाषेत. "गुणी सुनेस अनेक आशीर्वाद. इथे फार मान आहे, सोनू सोडतच नाही. पण माझ्यावाचून तुम्हाला करमत नसेल, म्हणून मन मोडून येईन म्हणते. तुझ्या हातच्या भाकरीला तोड नाही."

ह्या कार्डाला कोणबी फसंल.

२७ फेब्रुवारी, रविवार
शुक्रवारी शालूचं कार्ड आलं. "आत्ती, पत्र लई गोड लिवलायसा. समजलं. मशीन खिडकीपाशी बसवली. मागची खोली सारवून ठेवलीया. तिथं झोपणार असला तर तसं साधं लिवा, हे न्यायला येतील."

शो मागती माझ्याकडं.

दोन दिवस विचार केला. नागुबाईचं ऐकलं असं न्हाय, ही नवी युक्ती माझी मीच काढली. शिव्या घालून लिवायचं, म्हंजे त्यांना वाटंल म्हातारीच्या हातात एक्का हाय. लिवलं, "गुंड्या, मुडद्या, आईला टाकून गिळतोस कसा? मागची खोली तर मागची खोली. ये आणि ने."

खाली रेघ मारून लिवलं, ह्याचं उत्तर गुंडूनं द्यायचं. शालूनं न्हाय.