स्टीलशिवाय कंट्री नाही

३ मार्च
केस्लीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग. पोरगी गाते छान. निर्माता ट्रिप मात्र उलटी टोपी घालणारा इसम. माझी पेडल स्टील गिटार टेबलासारखी मांडलेली बघून म्हणाला, यावर कपड्यांना इस्त्री करतात का? मी सरळ वाजवली. केस्लीच्या डोळ्यांत पाणी. ट्रिप म्हणे, एसीमुळे.

संकल्प : नॅशव्हिलमधलं आमचं गावरान कंट्री संगीत वाचवायचं. उद्यापासून. आज बोटं दुखताहेत.

६ मार्च
ट्रिपचा फोन. गाण्याचे दोन अवतार काढणार, एक कंट्री रेडिओसाठी, एक पॉपसाठी. ठणकावलं, पॉपवाल्यात माझं नाव घालशील तर खबरदार! नक्की ना, म्हणाला. म्हटलं, बायबलवर हात ठेवून सांगतो.

आमची नेल्डा म्हणते, नाव नसलं तर लोकांना कळणार कसं, कप्पाळ? बायकोला तत्त्व कळत नाही. तळलेल्या भेंडीत मात्र तिचा हात कोणी धरू शकत नाही. दोनदा घेतली.

९ मार्च, रविवार
चर्चमध्ये दोन शब्द बोललो. कंट्री कुठे संपतं, पॉप कुठे सुरू होतं, मधे भक्कम कुंपण का हवं. लोक हेलावले. बरेच जण डोळे मिटून ऐकत होते. ऐन रंगात पास्टरनी प्रार्थना सुरू केली. जळतात.

२२ एप्रिल
गाणं रेडिओवर! शेजारीपाजारी पोर्चवर बोलावले. लागलं. स्टील कुठाय? नाहीच. नुसते ड्रम आणि चुटक्या. शेजारचा बक म्हणाला, झकास रे ओडेल, त्या चुटक्या तुझ्याच ना?

ट्रिपला फोन. म्हणतो, कंट्री स्टेशनवाल्यांना स्टील जुनाट वाटते, काढली. पॉपवाल्यांना नवीन वाटते, तिकडे ठेवली. तिथं नाव नाही टाकलं, मिस्टर ओडेल, तुमचा शब्द पाळला. फोन आपटला. मोबाईल होता. काच गेली.

२३ एप्रिल
संकल्प : पॉप ऐकायचं नाही. कंट्रीही नाही.

१४ जून
संकल्प मोडला, माझा दोष नाही. किराणा दुकानात टोमॅटो निवडत होतो, छतावरच्या स्पीकरवर पॉपवालं गाणं लागलं. माझी स्टील! चांगली मोठ्यानं. भर दुकानात रडू आलं, खोटं कशाला बोलू. काउंटरवरची पोरगी गुणगुणत होती, शब्द नाही, माझीच सुरावट.

म्हटलं, बाळ, हे मी वाजवलंय. तिनं फोनवर गाण्याच्या वादकांची नावं काढली. ड्रमवाला होता, शीळ घालणारासुद्धा होता. मी नव्हतो. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, असू दे आजोबा, आमचे आजोबाही टीव्हीवर कुणी गायला लागलं की हा मीच म्हणतात.

फार गोड पोरगी. पिशवी गाडीपर्यंत आणून दिली, सीटचा पट्टासुद्धा लावून दिला. मी लावू दिला.