तीन संतोषच्या आया, एक नंबर

६ एप्रिल, सोमवार
लिही रुबीना. मी बोलते तसंच लिही, तुझी अक्कल मधी घालू नको. चटणीचा हंगाम. आपल्या मिरची कांडायच्या डंकाम्होरं बायकांची ही रांग. ही लिहिणारी माझी नात म्हणती, दादी, बायकांनी घरूनच मोबाईलवर नंबर लावायचा, उत्तर यंत्र देणार. त्याला बॉट म्हणत्यात. त्यासाठी कुणाची तरी बारकी लायब्ररी घेतलीय. मी म्हटलं, पुस्तकं कुठं हायत? तर पुस्तकं न्हाईत, आयता लिहिलेला कोड. म्हणजे मसाला आयता, भाजायचं आपण. बारकी हाय म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर बी चालती म्हणे.

८ एप्रिल, बुधवार
सुरू झालं. टुंग टुंग नंबर लागले. रुबीना जेवायचं विसरली. तिचा बाप, माझा सलीम, तोंड वाकडं करून म्हणतो, वही बरी हुती.

९ एप्रिल, गुरुवार
आज पोट दुखंस्तोवर हसले. तिघी एकदम दारात, तिघींना नंबर एकच, चार. बॉटनं नाव विचारलेलं. आमच्याकडं कोण स्वतःचं नाव सांगतंय? तिघींनी सांगितलं, संतोषची आई. यंत्राला वाटलं, एकच बाई तीनदा विचारती. माळ्याच्या संतोषची आई म्हणाली, मी आधी. शिंप्याच्या संतोषची म्हणाली, "तुझा संतोष तर माझ्या संतोषच्या मागनं जन्मला." तिसरी गप पोत्यावर बसली. तिचंच आधी कांडलं.
सलीम हसला न्हाई. रुबीनाला म्हणाला, "रविवारपतोर बघतो. मग बंद. वही घ्यायची आन् तूच लिहायची."
पोरगी आज बी जेवली न्हाई. काल आनंदानं, आज... बरं, ऱ्हाऊ दे, नको लिहू.

१० एप्रिल, शुक्रवार
मी सांगितलं, नाव विचारूच नको. दारात बाई आली की मी विचारते, कुणाच्या घरची, कुठल्या आळीची. मला अक्षर येत न्हाई, पण आवाजावरनं अख्खं तासगाव वळखते. तर आता ज्याच्या मोबाईलवरनं निरोप, त्याला नंबर. घर बोलून सांगायचं, बॉट ते तसंच ठेवणार, मी ऐकून वळखणार. प्रश्न बी माझ्याच आवाजात. अकरा वेळा बोलायला लावलं मेलीनं. 'आजचे नंबर संपले' मी म्हटलंच न्हाई. दारातल्या बाईला असं म्हणत्यात व्हय? 'उद्या ये गं, चहा घेऊन जा' असं भरलं.

११ एप्रिल, शनिवार
संतोषच्या आया आज चार, इस्लामपूरहून एक नवी. चौघींना चार नंबर. भांडण न्हाई. फक्त नुसत्या चहाला नऊ जणी आल्या. सून म्हणती, अम्मी, तुमचा बॉट दूध लय पितो.

१२ एप्रिल, रविवार
सांजपतोर सगळं नीट. सलीमनं दिलेली मुदत आजचीच. रुबीना नखं खात बसलेली. मी शेवटचे निरोप ऐकत हुते. एक बाप्याचा आवाज आला. आधी घसा खाकरला. माझा आवाज विचारतोय, 'कुणाच्या घरचं गं?' आन् तो म्हणतो,
"रुबीनाचा बाप. दोन किलो ब्याडगी हाय."
सलीम तिकडं डंकापाशी, आमच्याकडं पाठ करून. मोबाईल खिशात.
लिही गं, थांबलीस का? पेन कोरडा न्हाई, डोळं पूस.
आजचे नंबर संपलेले. बॉटनं त्याला उद्याचा सातवा दिलाय, आन् चहाला बोलावलंय. सकाळी मिरची घेऊन येतो का वही, बघू.