दोनातला एक फोल्डर

अंबरनाथ, गुरुवार, दिवेलागण

काल मेघनाच्या कॉम्प्युटरमध्ये एकाच लायब्ररीचे, म्हणजे प्रोग्रामला जोडायच्या तयार कोडचे, दोन फोल्डर दिसले. घरात एक वस्तू दोनदा कशाला, म्हणून मी एक पुसून टाकला. नवा की जुना, तेही पाहिलं नाही. पोरीला विचारलं नाही.

आज तिच्या प्रोग्रामला लायब्ररी जोडली जातेय, पण अधिकचं चिन्ह बेरीजच करेना. दोन अधिक तीन, तर आकडे नुसते शेजारी चिकटून तेवीस! नव्या लायब्ररीत ही चूक सुधारली होती म्हणे. म्हणजे उरला तो जुनाच.

"आई, ही प्रोग्रामची भाषा फुकटची, डोकेफोडही फुकटची," सकाळी हसत होती. दुपारी म्हणाली, "मलाच जमत नाही गं. हा प्रोग्राम मागितलाय त्या नोकरीवाल्यांना नाही म्हणून कळवते."

तेव्हाच सांगायचं होतं. ती स्वतःला मठ्ठ म्हणत होती आणि मी देवापुढे वाती वळत नाम घेत होते. कसलं नाम ते?

फोन घेतलाय तिने हातात. वही ठेवते, आधी सांगते.