अक्रोडावरच्या घुबडाला मारू नका

व्हिएन्ना

लाडक्या आईला आसिमिनाकडून दोन्ही गालांवर पापे.

तुझे गुडघे कसे आहेत? माझी काळजी नको. पोटभर जेवते, आणि संग्रहालयातलं काम बसूनच असतं.

आपल्या धाकट्या लांब्रिनीला मुलगा झाला हे वाचून इथे पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या कपाटांमध्ये एकटीच नाचले. पुढचं वाचलं आणि लगेच हे पत्र लिहायला बसले. अक्रोडावर घुबड ओरडतं म्हणून थिमिओसदादाला बंदूक काढायला सांगितलीस?

अगं, त्या जातीच्या घुबडांवर मी रोज नावाची चिठ्ठी लावते: स्ट्रिक्स. मूळ शब्द आपल्या जुन्या ग्रीकांचा, अर्थ म्हणे किंचाळणारा पक्षी. तो लॅटिनमध्ये गेला आणि रोमन लोकांनी कंडी पिकवली, की हा पाळण्यातल्या बाळांचं रक्त पितो. पुढे पंडितांनी तेच नाव या गरीब उंदीरखाऊला चिकटवलं. त्यात त्याचा काय गुन्हा?

तू म्हणशील, "चार बुकं शिकली आणि आईला शहाणपण शिकवायला लागली!" शिकवत नाही गं, विनवते. बाळाच्या उशाशी लसूण बांधलास ना? चाळीस दिवस त्याला उंबऱ्याबाहेर नेऊ नका. तेवढं पुरे. बंदूक भिंतीवरच राहू दे.

काल संध्याकाळी माझ्या खिडकीसमोरही एक घुबड ओरडलं. नाव, अर्थ, सगळं ठाऊक असून मी तीनदा थुंकले आणि खिडकी लावून घेतली.

मलाही दिवस गेलेत, आई. लसणाची एक गड्डी पाठव, आपल्या परसातली. इथल्या लसणावर माझा भरवसा नाही.

तुझी शहाणी लेक,
आसिमिना