लोंबूचे कान

दि. ३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर गेल्याला महिना झाला. तुझा लोंबू खुशाल आहे, बाबाही खुशाल आहेत. हा क्रम मी लावलेला नाही. या घरात सध्या तोच आहे.

बाबा उठले की आधी खाटेवरून हात खाली सोडतात. लोंबू येऊन त्या हातात आपला कान देतो. तो लांब, केसाळ कान बाबा शेवटपर्यंत चाचपतात आणि मगच चहा मागतात. नजर गेली तशी त्यांची सगळी भिस्त बोटांवर आहे. जिन्यावरून पडल्यावरही ते आमच्याकडे यायला तयार नव्हते. तुझ्या कुत्र्याकडे बघायला घरात कोणीतरी हवं, एवढ्या एका कारणावर आले. तेही पाहुणे म्हणून. त्यांची बॅग अजून खाटेखाली भरलेलीच आहे.

आता अडचण. लोंबूच्या कानांमागे गुंता झालाय. कुत्र्यांचे केस कापणाऱ्या दुकानात नेला, तर तो त्या माणसाला चावला आणि आम्हा दोघांनाही पुन्हा येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मग अवजारं घ्यायला गेलो. भिंतभर ब्रश, कंगवे आणि कात्र्या टांगलेल्या होत्या. तासभर पाहिलं आणि रिकाम्या हातानं आलो. तूर्त माझीच घड्याळदुरुस्तीची अवजारं वापरतो आहे. डोळ्याला भिंग लावून बारीक चिमट्यानं एकेक केस सोडवला. एका गाठीला दोन तास चाळीस मिनिटं लागली. ही म्हणते, घड्याळं बरी, निदान मधेच उठून पाणी प्यायला जात नाहीत.

काय घेऊ ते नेमकं लिही. लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर मात्र लवकर हवं.

तुझा,
धाकटा

दि. ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

चिमटा खाली ठेव. मी पोटासाठी विग बनवते, तेव्हा केसांच्या बाबतीत तरी माझं ऐक.

पहिला घे तारेचा ब्रश. त्याच्या तारा टोकाशी वाकलेल्या असतात. त्या आपल्या मनगटावर ओढून बघ. ओरखडा उठला तर तो ब्रश परत टांग. दुसरा पोलादी कंगवा, अर्धे दाते विरळ आणि अर्धे दाट असलेला. आधी ब्रश, मग विरळ बाजू, मग दाट. दाट बाजू न अडकता गेली की काम झालं. तिसरी बोथट टोकांची कात्री, पंजांतल्या केसांपुरती. गाठ कात्रीनं कापायची नाही. गाठीवर थोडी पावडर टाक, केसांचं मूळ दोन बोटांत धर, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून सोडवत ये.

केस कापायचं मशीन घेऊ नकोस. घेतलंस तर कानांना लावू नकोस. लावलंस तर पात्यावर तो प्लास्टिकचा कंगवा बसवल्याशिवाय लावू नकोस. तुला ओळखते म्हणून तिन्ही लिहिते. माझ्या बोलक्या बाहुलीचं पोट तू उघडलंस त्यानंतर ती बोलली नव्हती, हे मी विसरलेले नाही.

इथे ठीक आहे. आमच्या नाटकातल्या राजाचे केस गळताहेत. माझ्या भावजयीला सांग, पाणी तिनंच पाजावं, म्हणजे लोंबू मधेच उठणार नाही. बाबांना आणि लोंबूला माझी आठवण सांग, कोणत्याही क्रमानं.

रागात वाचू नकोस, प्रेमानं लिहिलं आहे.

थोरली

दि. १८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

घडलं ते क्रमानं लिहितो.

ब्रश घेतला, कंगवा घेतला, कात्री घेतली. मशीनही घेतलं. नवी वस्तू हातात आली की ती उघडायची, पुसायची, तेल द्यायचं आणि मग चालवायची, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. पात्यावरचा प्लास्टिकचा कंगवा काढून साबणाच्या पाण्यात टाकला. मशीन जुळवलं, कानाशी धरलं. आवाज अतिशय सुंदर होता. त्याच आनंदात ते लोंबूच्या डाव्या कानाला लावलं. कंगवा पाण्यातच होता.

डावा कान तळहातासारखा झाला. उजव्याला काहीच झालं नव्हतं. पण एक कान जड आणि एक हलका, हे मला बघवेना. लंबकाचा झोका दोन्हीकडे सारखा नसेल तर घड्याळ बंद पडतं. म्हणून उजवाही केला. हिनं विचारलं, कुत्रा बंद पडणार होता का?

सकाळी बाबांनी हात सोडला. लोंबूनं कान दिला. बाबांनी तो बराच वेळ धरला, मग हात काढून घेतला आणि विचारलं, हा कोण?

मी खरं ते सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, खोटं बोलायचं तर नीट बोल. छापखान्यात चाळीस वर्षं मी खिळे जुळवले, एकसारखी दोन अक्षरं बोटांनी कधी चुकवली नाहीत, आणि मला कान ओळखू येणार नाही? तुझ्या बहिणीचा कुत्रा तू हरवलास आणि रस्त्यावरचा उचलून आणलास. लोंबू शेपटी हलवत होता. बाबा म्हणाले, आश्रिताला लाडीगोडी लावावीच लागते.

मग त्यांनी खाटेखालची बॅग ओढली. ज्या घरात बहिणीचा कुत्रा टिकत नाही तिथे बाप किती दिवस टिकणार, असं म्हणाले. दहा नोव्हेंबरपर्यंत लोंबू मिळाला तर ठीक, नाहीतर ते आपल्या खोलीवर परत जाणार. त्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत, ताई, आणि कठडा दोनदा तुटलेला आहे.

उतरलेले केस सोबत पाठवतो. लांबीप्रमाणे तीन पुड्या केल्या आहेत. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. उघडलेल्या यंत्रातलं काही फेकायचं नसतं, एवढंच.

शिव्या दे, पण पत्रातून दे. फोन बाबांच्या खाटेपाशी आहे.

धाकटा

दि. २९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नाहीत.

सोबतच्या डब्यात दोन कान आहेत. बारीक जाळीवर आकड्यानं एकेक केस गाठवला आहे, सहा रात्री गेल्या. तोवर राजाचा विग तसाच राहिला आणि राजानं चार प्रयोग शिरस्त्राण घालून केले. अंतःपुरातसुद्धा.

दोन्ही कान एका पट्टीला जोडलेले आहेत. पट्टी डोक्यावरून घेऊन गळपट्ट्याखाली बांधायची. विरळ दात्यांनी विंचरायचं, दाट बाजू लावायची नाही. भिजवायचे नाहीत. उघडून बघायचे नाहीत.

खरे केस यायला पाच-सहा महिने लागतील. तोवर निभाव. कसंही करून बाबांना त्या जिन्यावर जाऊ देऊ नकोस.

आशीर्वाद भावजयीला. तू तिच्याकडून माग.

थोरली

दि. १२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कान सात तारखेला पोचले. आठ तारखेला सकाळी बाबांनी हात सोडला आणि तो तिथेच राहिला. कानाच्या टोकापर्यंत बोटं फिरवून ते म्हणाले, आलास का रे. मग चहा मागितला. दुपारी बॅगेतले कपडे कपाटात गेले. ही रडली. मीही जरा बाहेर जाऊन आलो.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, आणि तो कुठे गेला?

हे तुला आधी लिहायला हवं होतं. तीन आठवडे बाबांकडे तो कानांचे केस उतरवलेला कुत्राच होता. पहिले चार दिवस ते त्याला शिवले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, कोणाचा का असेना, बिचाऱ्याचे कान गार पडलेत. त्याचं नाव बोडक्या ठेवलं. मग मला सगळी अवजारं टेबलावर मांडायला लावली आणि एकेक नखावरून ओढून पाहिलं. तारेचा ब्रश चावरा म्हणून बाजूला केला. मशीन तर माझ्याकडे ढकललंच. पोलादी कंगवा तेवढा ठेवून घेतला. त्याचे दाते सरळ रेषेत जुळवलेत, म्हणाले, कामाच्या माणसानं केलाय. रोज संध्याकाळी अर्धा तास ते बोडक्याला विंचरायचे. दुकानदाराला चावलेला तुझा कुत्रा तेवढ्यात घोरायला लागायचा.

तेव्हा आता सकाळी लोंबू असतो आणि संध्याकाळी बोडक्या. दोघांनाही वेगळं खायला द्यावं लागतं. बाबा समोर बसून संपवून घेतात. कुत्रा एकच असल्यामुळे फुगत चालला आहे. दोघं एकत्र का येत नाहीत, असं बाबांनी विचारलं. मी म्हणालो, भांडतात. ते म्हणाले, मला कधी ऐकू आलं नाही. त्यावर हिनं स्वयंपाकघरातून दोघांचेही आवाज काढले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिच्यात हा गुण आहे हे मला माहीत नव्हतं.

दुकान दुपारीच बंद करतो. दोन कुत्री सांभाळून घड्याळं होत नाहीत.

दोघांचा नमस्कार. तिघांचा म्हण हवं तर.

धाकटा

दि. २२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. परत दिले.

पत्र मेकअपच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. राणीचं काजळ पसरलं.

आता माझं. दौरा संपला, पण इथल्या नाट्यगृहानं मला कायमची नोकरी देऊ केली आहे. मी घेतली. तळमजल्यावर एक खोली मिळाली आहे, मागे लहानसं अंगण. कुंपणाला फट होती, ती मी स्वतः फळ्या ठोकून बुजवली. लोंबूला न्यायला मी वीस डिसेंबरला येते.

बाबांचं काय होईल, हा विचार मी केला नाही असं समजू नकोस. आठ दिवस केला, पण काही सुचलं नाही. इथे ओळखीचं कोणी नाही, धाकट्या. कामावरून आल्यावर दाराआड कोणीतरी उठून उभं राहावं, एवढंच मला हवं आहे.

तू मला समजून घेशील म्हणून तुला लिहिते.

थोरली

दि. १ डिसेंबर

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागदावर मोजपट्टी धरून लिहितो आहे. ओळ ओळीवर चढली तर दोन्ही वाच.

धाकट्यानं तुझं पत्र वाचून दाखवलं. शेवटचा भाग गाळत होता. त्याचा श्वास अडला तिथे मला कळलं, मग पुन्हा वाचायला लावलं.

तू एवढ्या लांब खेप घालू नकोस. लोंबू तुझा आहे, मी तो पाठवून देतो आहे. एकट्या माणसानं त्याच्यावाचून राहू नये. मला करमणार नाही अशी धाकट्याला भीती वाटते. पण मी इथे आलो तो लोंबूची राखण करायला. पाहुण्याचं काम होतं, झालं. बोडक्याची गोष्ट वेगळी आहे. तो कोणाचाच नाही. त्याला मी सोडून गेलो तर हा धाकटा त्याला पुन्हा रस्त्यावर सोडील. माझ्या हाताखाली त्याच्या कानांवर तांदळाच्या दोन दाण्यांएवढे केस आलेत. एवढ्यावर अर्धवट टाकून जाणं मला जमणार नाही.

तेव्हा मी राहतो आहे. जिन्यावरची खोली सोडली. किल्ली काल घरमालकाला देऊन टाकली.

तब्येत सांभाळ. कुत्रा पोचला की दोन ओळी टाक.

बाबा

दि. ५ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

बाबांचं पत्र मिळालं असेल. किल्लीचं खरं आहे. ते माझा हात धरून गेले आणि जिन्याला बाहेरूनच नमस्कार करून आले.

काल पाठवणी झाली. बाबांनी लोंबूला दारात घेतलं, दोन्ही कान विंचरले आणि नेणाऱ्या माणसाला सांग, गाडीत खिडकीपाशी बसव, म्हणून बजावलं. मी त्याला गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं आत आणलं. हिनं पट्टी सोडली. बोडक्या धावत बाबांकडे गेला. बाबा त्याला म्हणाले, आता आपणच.

सोबतचं पार्सल म्हणजे लोंबू. याहून वेगळं मला काही करता आलं नाही.

पण कुत्रा तुझा आहे. तू एक शब्द कळव, मी त्याला घेऊन स्वतः येतो आणि बाबांना काय सांगायचं ते माझं मी बघतो. तू रागावणार नाहीस हे माहीत आहे, म्हणूनच हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे.

धाकटा

दि. १३ डिसेंबर

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

लोंबू सुखरूप पोचला. प्रवासात कोणाला त्रास दिला नाही. खाणं अगदी कमी आहे. खिडकीपाशी जागा दिली आहे, तिथून हलत नाही. अंगणात जायची त्याला ओढ दिसत नाही. मी रोज कामावरून आले की त्याचे कान विंचरते. धाकट्याला सांगा, सगळं मिळालं, त्यानं यायची गरज नाही.

बोडक्याविषयी दोन गोष्टी. कान जिथे डोक्याला मिळतो तिथे गाठी आधी होतात, तिथे रोज बोट घालून बघत जा. आणि छातीवर उलट्या हातानं खाजवलं की तो मागचा डावा पाय झाडील. घाबरू नका, त्याला आवडतं म्हणून तो तसं करतो. या कुत्र्यांचं तसंच असतं. जेवण एकदाच द्यायला सांगा, आता घरात तो एकटाच आहे.

मार्चपर्यंत त्याचे कान पूर्ण भरतील. मग तुमच्या बोटांना तो थेट लोंबूसारखा लागेल. तेव्हा शंका घेऊ नका, बाबा. दोघं एकाच जातीचे आहेत.

त्याच्यावरची माया अशीच असू द्या.

तुमची,
थोरली