आईचा काळा-पांढरा फोटो

९ फेब्रुवारी, रवि.
हळदीचा फोटो फुकट गेला. शिजणारी हळद, वाफ, दोन बाया, मागून सकाळचं ऊन. धगीत तासभर उभा राहून काढलेला. फोटोच्या शौकिनांच्या 'उजेड-सावली' ग्रुपवर टाकला तर दिवसभरात सात-आठ अंगठे, त्यातले निम्मे साडू अन् मेव्हण्यांचे. ग्रुपचे ॲडमिन पुण्याचे, सगळे त्यांना सर म्हणतात. सरांनी लिहिलं, रंग फार बोलतात, ब्लॅक-व्हाइट करून बघा. आणि खाली हे गाव, माणसं, माहिती कशाला? फोटोखाली शब्द लागला म्हणजे फोटो हरला.

वीस वर्षं झाली पूर्णेत स्टुडिओ चालवायला. पासपोर्ट, लग्नं, बारशी. आता हे शिकवणार. राग आला. अन् पटलंबी, त्याचाच जास्त राग आला.

१३ फेब्रु., गुरु.
आई ओट्यावर तूरडाळ निवडत बसली होती. हाक मारली, तिनं वर पाहिलं, तेवढ्यात घेतला. ब्लॅक-व्हाइट केला. चेहऱ्यावरची रेघ न् रेघ उठून आली. एक शब्द न लिहिता टाकून दिला.

संध्याकाळी सरांनी तोच ग्रुपच्या कव्हरला लावला! कुठली कुठली माणसं, नागपूर, कोल्हापूर, एक बाई दुबईहून. काय डोळे आहेत म्हणतात. लय दिवसांनी पोटभर जेवलो.

आईला दाखवला. म्हणाली, माझं लुगडं जांभळं हाय, त्याचा रंग कुठं गेला? सांगून काही कळेना तिला. मग म्हणाली, "बाळूनं बघितला का रं?"

मामाचं नाव किती वर्षांनी तिच्या तोंडात आलं. माझ्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले अन् नवरदेवाचा सख्खा मामाच राहिला. गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते तसेच बोडक्या डोक्यानं उठून गेले, पुन्हा या घराची पायरी चढले नाहीत. पिंगळी काय लांब आहे? पॅसेंजरनं गेलं तर चहा पिऊन होईस्तोवर येते. आई दर राखीला दारात बघत बसते.

म्हणालो, पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकतो, तिथं मामा आहेत. ती हसली.

१६ फेब्रु., रवि.
लग्नाच्या ऑर्डरला निघता निघता टाकला 'आपली माणसं'वर. सरांची शिस्त, शब्द नाही. फोन बॅगेत. अक्षता पडल्यावर काढला तर मिसकॉलचा ढीग.

पहिले सोनपेठचे काका, नुसते जोडलेले हात. त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली. मग लाईनच. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाचा काळा-पांढरा फोटो ग्रुपवर येतो तो एकाच कारणानं. असे किती तर मीच करून दिलेत गिऱ्हाइकांना, झेंडूच्या चौकटीसकट! माझ्या टाळक्यात कसं आलं नाही? मी लिहिलं, अहो आई ठणठणीत आहे. त्याच्याखाली पुन्हा, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. वरचं कोण वाचतंय. फोटो डिलीट केला तर एक जण विचारतो, काय डिलीट केलं, माती किती वाजता आहे?

लग्न दुसऱ्याच्या गळ्यात घालून घरी पळालो. मामा येऊन गेले होते.

१७ फेब्रु., सोम.
काल लिहवलं नाही. रेखानं, बायकोनं, सांगितलं ते लिहितो.

मामा एकटेच आले, बगलेत पिशवी. बहिणीच्या मयतीला शेवटचं लुगडं भावाचं. रुसवा असला तरी तो मान भावाचाच, म्हणून आले. गल्लीच्या तोंडापासून रडत होते म्हणे. अन् आई ओट्यावर बसलेली. मामाच्या बगलेतली पिशवी ओट्यावर पडली. आई म्हणाली, "आलास बाळू? बस."

मामा खाली बसले. तिचे पाय धरून लेकरासारखे रडले. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणजे मिटलं होतं! एवढ्या वर्षांचं तिथल्या तिथं मिटलं होतं. रेखा चहा टाकायला आत गेली.

अन् समोर राहणाऱ्या, भावकीतल्याच सुधाकरनं मोबाईलवर फोटो काढला. मामाचं तोंड उघडं, पिशवीतून निम्मं बाहेर आलेलं लुगडं, शेजारी जिती बहीण. लगेच 'आपली माणसं'वर. 'मयतीला आले, चहाला थांबले.' खाली हसून हसून पाणी आलेली तोंडं. सकाळी श्रद्धांजली वाहणारीच माणसं सगळी. मामाचा फोन खिशात वाजायला लागला. त्यांनी काढून बघितला. रेखा चहा घेऊन आली तेव्हा ते गल्लीच्या टोकाला होते. पिशवी ओट्यावरच.

आई सारखी म्हणायलीय, त्यानं पाणीसुद्धा घेतलं न्हाई.

२० फेब्रु., गुरु.
सुधाकरला फोटो डिलीट कर म्हणालो. केला बिचाऱ्यानं. पण आता त्याच्या हातात काय आहे? परभणीच्या कुठल्याशा कॉमेडी पेजवर गाणं लावून फिरायलाय.

आज 'उजेड-सावली'वर. कुणीतरी टाकला अन् सर लिहितात, तंत्र कच्चं, पण क्षण अस्सल, ग्रामीण जीवनातला निर्मळ विनोद. मी लिहिलं, तो माझा मामा आहे, काढा. सर म्हणतात, भावना समजतात, पण कला वैयक्तिक घेऊ नये.

ग्रुप सोडला. आई त्यांच्या कव्हरवर तशीच आहे.

पासपोर्टला एक माणूस आला होता. लाईट नाही म्हणून परत पाठवला. लाईट होती. कॅमेरा हातात धरवत नाही.

२३ फेब्रु., रवि.
पिंगळीला गेलो. मामाच्या चपला दारात होत्या. मामी उंबऱ्यातच उभ्या. म्हणाल्या, "दोनदा त्या घरात बेइज्जत झालो म्हणायलेत. बहिणीला लुगडं नेलं, माझं कर्तव्य संपलं म्हणायलेत."

मी म्हणालो, मामी, ती जिती हाय हो. आतून खोकल्याचा आवाज आला.

"तुमच्यासाठी हाय बाबा. ह्यांच्यासाठी न्हाई." अन् दार लोटलं.

स्टेशनच्या बाकड्यावर बसून राहिलो. एक गाडी तशीच जाऊ दिली. चार परक्या माणसांनी वा म्हणावं म्हणून आईचं माहेर घालवलं मी. दुसरं काय झालंय? घरी येऊन तिला सांगितलं, मामा शेतात गेले होते. तिला कळलं असणार.

२ मार्च, रवि.
ते लुगडं घरात ठेवू नये, गोदावरीत सोडून या, असं रेखा आठवडाभर म्हणतेय. आई पिशवीला हात लावू देत नाही. आज दुपारी आतून आली ती तेच नेसून. हिरवं, बारीक काठाचं. रेखा रडायलाच लागली.

आई म्हणाली, "एक दिवस नेसवणारच की. तवा मला कुठं दिसणार हाय, कसं दिसतंय ते?"

मग मला, "काढ फोटू. बाळूला एकट्याला पाठव."

काढला. चांगला आला. शोभतं तिला. मामांनी निवडून घेतलेलं दिसतं, हाताला लागलं ते उचललेलं नाही.

पाठवला. एकच टिक. मामाचा चेहरापण दिसेनासा झालाय फोनवर, म्हणजे मला बंद करून टाकलंय त्यांनी. आईनं विचारलं, बघितला का? म्हणालो, पिंगळीला रेंज नसंल.

"मग रेंज येस्तोवर नेसूनच ऱ्हाते मी," म्हणाली अन् ओट्यावर जाऊन बसली. दिवेलागण झाली तरी आत येईना. रेखानं तिचं ताट तिथंच नेऊन दिलं.